बाहुलीचं नाव

लेकीचं घर सध्या सैतामात आहे. तोक्योच्या उत्तरेला, ओमिया स्टेशनपासून जवळ. गेल्या फेब्रुवारीत तिच्याकडे महिनाभर राहून आले. आल्यापासून मामी आणि सगळ्या चुलत-मावस मंडळींचं एकच टुमणं होतं, की जपानबद्दल लिही. फुजी पर्वताबद्दल मी लिहिणार नाही, कारण तीन वेळा ढगच दिसले. बाहुल्यांबद्दल लिहिते. म्हणजे सुरुवात बाहुल्यांपासून करते. पुढे गाडी डहाणूला जाणार हे माझ्या वाचकांना सवयीने ठाऊक आहेच.

ओमियाहून लोकल बदलली की थोड्या वेळात इवात्सुकी येतं. छोटं गाव, पण बाहुल्यांचं गाव म्हणून सगळ्या जपानात प्रसिद्ध. तिथे २०२० साली फक्त बाहुल्यांचं असं सरकारी संग्रहालय उघडलं. इवात्सुकीत बाहुल्या का, याची एक कथा सांगतात. सतराव्या शतकात निक्कोचं मोठं देवस्थान नव्याने बांधलं जात होतं. त्या कामावरचे कारागीर याच रस्त्याने येत-जात, त्यातले काही इथेच राहिले. आजूबाजूला किरी नावाचं हलक्या लाकडाचं झाड भरपूर आणि पाणीही चांगलं, म्हणून त्यांनी बाहुल्या करायला घेतल्या. कथा आहे, तेव्हा थोडं मीठ लावून घ्यावी. पण किरीचं लाकूड खरं आहे. त्याचा भुसा खळीत मळतात, साच्यात दाबून मुंडकी काढतात, वाळवतात आणि त्यावर पांढऱ्या रंगाचे हात देतात. एक नाही, कितीतरी. प्रत्येक हात वाळला की घासायचा, मग पुढचा. हा पांढरा रंग कालवांच्या शिंपल्यांची पूड सरसात कालवून करतात. त्याला गोफुन म्हणतात.

काचेपलीकडचा तो पांढरा रंग बघत मी बराच वेळ उभी राहिले. चुन्यासारखा भगभगीत नाही, चिनीमातीसारखा चकचकीत नाही. आतून उजेड यावा तसा. नात म्हणाली, "आजी, चल ना." ती सहा वर्षांची. तिला पुढच्या दालनातला घोडा बघायचा होता. मला मात्र तो रंग कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता आणि कुठे ते आठवत नव्हतं. ते आठवलं परतीच्या गाडीत. त्याकडे येतेच.

आधी थोडा बाहुल्यांचा इतिहास, कारण तो आपल्याला वाटतो तसा खेळण्याचा इतिहास नाही.

तीन मार्चला मुलींचा सण असतो, हिना-मात्सुरी. लाल कापड घातलेल्या पायऱ्या मांडतात. सगळ्यात वर राजा-राणी, खाली दासी, वाजंत्री, नोकर-चाकर. अगदी आपल्या गौरीपुढच्या आराशीची आठवण यावी. (सण संपल्यावर बाहुल्या वेळेत आवरल्या नाहीत तर मुलीचं लग्न लांबतं म्हणे. तिथल्या आयासुद्धा आपल्याच!) पण या थाटाच्या मुळाशी आहे एक साधी कागदाची किंवा गवताची आकृती. ती अंगावरून फिरवायची, आपलं दुखणं, अशुभ, पाप जे काही असेल ते तिला द्यायचं आणि तिला पाण्यात सोडून द्यायचं. अकराव्या शतकात मुरासाकी शिकिबू या बाईने लिहिलेल्या गेंजीच्या कथेतही नायक समुद्रकिनारी अशी आकृती सोडतो. म्हणजे बाहुली ही मुळात जपून ठेवायची वस्तूच नव्हती. ती जावी म्हणूनच करायची.

मग शतकं गेली, पैसा आला, रेशीम आलं. जाणाऱ्या बाहुलीची राहणारी बाहुली झाली. एदो काळात ती इतकी मोठी आणि महाग होत गेली, की शोगुनांना तिच्या उंचीवर बंधनं घालावी लागली. विसाव्या शतकात पुढची पायरी आली. बाहुल्या करणारे म्हणू लागले, की आम्हीही कलावंतच आहोत. १९३६ साली सरकारी कलाप्रदर्शनात पहिल्यांदा चित्रं आणि शिल्पांच्या बरोबरीने बाहुल्या घेतल्या गेल्या. १९५५ मध्ये हिराता गोयो आणि होरी र्‍यूजो या दोघांना बाहुलीकार म्हणून तो मान मिळाला, ज्याला तिथे सगळे 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणतात. यातल्या होरी र्‍यूजो या बाई होत्या, हे मुद्दाम सांगते.

मधल्या काळात एक वेगळीच गोष्ट घडली. १९२७ साली अमेरिकेतल्या मुलांकडून जपानी शाळांना बारा हजारांवर बाहुल्या भेट आल्या. निळ्या डोळ्यांच्या. दोन देशांत वितुष्ट वाढत होतं, ते मुलांनी कमी करावं अशी एका पाद्र्याची कल्पना. उत्तरादाखल जपानने ५८ मोठ्या, उत्कृष्ट बाहुल्या तिकडे पाठवल्या. पुढे युद्ध पेटलं आणि शत्रूच्या म्हणून त्या निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या बहुतेक जाळल्या गेल्या, मोडल्या गेल्या. तरी काही वाचल्या. शिक्षकांनी आणि गावकऱ्यांनी त्या लपवून ठेवल्या होत्या. युद्धात बाहुली लपवून ठेवणारा माणूस कसा असेल, याचा विचार मी अजून करते आहे.

संग्रहालयात मला खटकलं, म्हणजे बोचलं, ते वेगळंच. नव्या बाहुल्यांच्या दालनात प्रत्येक बाहुलीखाली एक पाटी. करणाऱ्याचं नाव, वर्ष, साहित्य. लेक वाचून दाखवत होती. ही अमक्याची, ही तमकीची. आणि मला आठवली माझी बाहुली, जिच्याखाली लिहायला माझ्याकडे नावच नाही.

परतीच्या गाडीत तो पांढरा रंगही आठवला. तांदळाच्या पिठाचा होता.

आमची डहाणूची वाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. चिकूची झाडं, विहीर, मागे गोठा. वाडीत कामाला वारली कुटुंबं यायची. त्यातली एक बाई माझ्या लहानपणी, म्हणजे १९७० नंतरच्या पाच-सात वर्षांत, जवळजवळ रोज असायची. चिकू उतरवायच्या दिवसांत तिचा नवरा झाडावर आणि ही खाली टोपलीशी. मला तिने एक बाहुली करून दिली होती. भाताच्या पेंढ्याची. पेंढा मधोमध दुमडून गळ्याशी बांधलेला, हातांसाठी एक आडवी जुडी आणि कमरेला स्वतःच्या लुगड्याची हिरवी चिंधी. डोळे नाहीत, नाक नाही. मी आजीचं काजळ घेऊन डोळे काढायला गेले तर ती हसून "नको" म्हणाली. का ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तिच्या मुलीच्या लग्नाला आजी मला घेऊन गेली होती. कुडाचं घर, कारवीच्या काठ्यांवर माती-शेणाचा गिलावा, त्यावर गेरू. आतल्या अंधारात भिंतीवर एक कापड टांगलेलं. धवलेरी गात होती. (वारल्यांचं लग्न बाई लावते, भटजी नव्हे, हे मला तेव्हा फार नवलाचं वाटलं होतं.) मग ते कापड बाजूला झालं आणि त्या लाल अंधारातून पांढरा चौक एकदम वर आला. जाळीदार काठांची चौकट, मध्ये पालघट देवी, भोवती झाडं, माणसं, सूर्य, चंद्र. तांदूळ वाटून केलेला रंग आणि टोक ठेचलेली बांबूची काडी, एवढंच साहित्य. तोच तो आतून येणारा उजेड. आजी म्हणाली, "किती रेखीव रांगोळी हो!" आजीच्या दृष्टीने ती मोठीच शाबासकी होती.

पावसाळ्यानंतर कधीतरी परत गेलो तर भिंत पुन्हा सारवलेली. चौक नव्हता. मी रडवेली झाले. बाईला कळेना, मुलगी का रडते. लग्न झालं, देवी येऊन गेली, आता चौक कशाला?

त्याच वर्षांत आमच्या घरापासून काही मैलांवर एक मोठी गोष्ट घडत होती आणि आम्हाला तिचा पत्ताही नव्हता. भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार डहाणू-तलासरीच्या पाड्यांमधून हिंडत होते. हे मुंबईच्या विणकर सेवा केंद्रातले. पुपुल जयकरांनी त्यांना आधी, १९६६-६७ च्या दुष्काळात, बिहारमध्ये मधुबनीला पाठवलं होतं. तिथल्या बायका भिंतीवर जे काढतात ते त्यांनी कागदावर काढावं, म्हणजे विकता येईल आणि चार पैसे मिळतील, हा हेतू. मधुबनी चित्रं आज जगभर आहेत त्याच्या मुळाशी हा दुष्काळ आहे. तेच काम कुलकर्णी मग आपल्याकडे करू लागले. तांदळाचं पीठ, कागद, गेरू घेऊन पाड्यावर जायचं आणि बायकांना म्हणायचं, काढा.

तिथे त्यांना भेटले जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. लहानपणीच आई गेली आणि मुलगा बोलायचाच बंद झाला. जमिनीवर, धुळीत रेघा काढून आपलं म्हणणं सांगायचा. पुढे तो डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या कळंबीपाड्याला आला आणि मोठेपणी बायकांचं मानलं गेलेलं हे काम करू लागला. पाड्यावर त्या वेळी काय काय बोललं गेलं असेल! लग्नाचा चौक सवाष्णींनी काढायचा, पुरुषाने नव्हे. पण जिव्यांना लग्नाची वाट बघायची नव्हती, त्यांना रोज काढायचं होतं. मासे धरणारं जाळं, मुंग्यांचं वारूळ, तारप्याभोवती फिरणारा नाच, भाताची मळणी. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला, इंग्लंडचे नामांकित कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत. २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. मे २०१८ मध्ये ते गेले. हा माणूस आमच्याच तालुक्यातला, आणि मी त्यांचं नाव पहिल्यांदा वाचलं ते पुण्यात, वर्तमानपत्रात!

आता जपानकडे परत. नीईगाता प्रांतात तोकामाची म्हणून गाव आहे, जिथे हिवाळ्यात दोन-तीन मीटर बर्फ साचतो. त्याच्या डोंगरात मुलं उरली नाहीत म्हणून बंद पडलेली एक प्राथमिक शाळा होती. तोकिओ हासेगावा या गृहस्थांनी १९८२ मध्ये त्या शाळेत 'मिथिला संग्रहालय' उघडलं. नाव मिथिलेचं, पण पुढे तिथे मधुबनीबरोबर वारली चित्रं आली, गोंड चित्रं आली, मातीकाम आलं. चित्रकारांना भारतातून बोलावून महिनोन् महिने ठेवून घ्यायचं आणि चित्रं काढू द्यायची अशी त्यांची पद्धत. आपल्याकडचे वारली चित्रकारही तिथे जाऊन राहिले, जिव्यांची चित्रं तिथे आहेत. म्हणजे गंमत बघा. मधुबनी आणि वारली या दोन्ही भिंतींना कागदावर आणणारा माणूस एकच, भास्कर कुलकर्णी, आणि त्या दोन्ही शेजारी-शेजारी येऊन टेकल्या त्या जपानमधल्या एका ओसाड शाळेत.

पण या गोष्टीत फक्त गंमत नाही. २००१ च्या जुलैमध्ये मध्य प्रदेशातले गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांनी तिथे असतानाच आत्महत्या केली. चाळिशीसुद्धा झाली नव्हती. भोपाळच्या विधानभवनाच्या भिंती रंगवलेला माणूस. मुक्काम वाढवला गेला होता, त्यांना घरी परतायचं होतं, असं तेव्हा बरंच लिहिलं गेलं आणि भारतातल्या कलावंतांनी बरेच प्रश्न विचारले. मी काही निवाडा करणार नाही. पण बर्फाच्या गावात, भाषा येत नसताना, आपल्या जंगलातले प्राणी कागदावर काढत बसलेला माणूस डोळ्यांपुढून हलत नाही. नंतर ऑक्टोबर २००४ मध्ये त्या भागात मोठा भूकंप झाला, त्यात संग्रहालयाचंही नुकसान झालं, मग दुरुस्त होऊन ते पुन्हा उघडलं. मला जायचं होतं, पण फेब्रुवारीत तिकडे जायचं म्हणताच जावयांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. सैतामातच बर्फ भुरभुरत होता.

उलट दिशेनेही माणसं आली. गेल्या पंधरा वर्षांत जपानी तरुण कलावंत गंजाडला येऊन राहिले, तिथल्या शाळांच्या भिंती वारली चित्रकारांबरोबर रंगवल्या. शाळेच्या भिंतीवर वारली माणसाशेजारी जपानी ढग, असं काहीतरी. ही देवघेव मला आवडते, कारण यात कोणी कोणाला कपाटात ठेवलेलं नाही.

आणि आणखी एक जपान तलासरीला पोचलं आहे, तेही सांगायला हवं. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन. ५०८ किलोमीटरचा मार्ग, जपानचं कर्ज, जपानचं तंत्र, २०१७ च्या सप्टेंबरमध्ये भूमिपूजन. हा मार्ग पालघर जिल्ह्यातून, डहाणू-तलासरी तालुक्यांतून जातो. स्टेशनं मात्र विरार आणि बोईसर. या दोन तालुक्यांतून गाडी नुसती सुसाट जाणार. २०१८ मध्ये इथल्या कितीतरी ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले होते. १९४५ साली गोदावरी परुळेकरांबरोबर वेठबिगारीविरुद्ध याच भागातले वारली उभे राहिले होते, तेव्हा जमिनीचा प्रश्न इथे नवा नाही. तोक्योहून ओमियाला मी त्याच जातीच्या हिरव्या गाडीने आले. पंचवीस मिनिटं. आरामशीर, वक्तशीर, सुंदर. खोटं कशाला बोलू, मला ती गाडी फार आवडली. आणि खिडकीशी बसून मला कळंबीपाडाही आठवला. दोन्ही एकदमच होतं, त्याला काय करणार?

असो. बाहुलीकडे येते.

तीन मार्चच्या आधीच्या रविवारी इवात्सुकीच्या किल्ल्याच्या बागेत, तळ्यावर, मुली बाहुल्या सोडतात. नातीला घेऊन गेलो. प्रत्येकीच्या हातात एक गोल चटई, भाताच्या पेंढ्याची विणलेली, तळहाताएवढी, आणि तिच्यावर कागदाचं जोडपं. नातीने ती पाण्यावर ठेवली आणि हळूच ढकलली. पेंढ्याचा तो वास! थंडीत, ओला. मी पन्नास वर्षांनी घेतला. त्याच बागेत शरद ऋतूत जुन्या बाहुल्यांना निरोप देण्याचा विधी असतो. घरातली बाहुली कचऱ्यात टाकवत नाही, म्हणून लोक ती घेऊन येतात, भिक्षू मंत्र म्हणतात, तिचे आभार मानतात आणि मग ती जाते.

माझी पेंढ्याची बाहुली १९९४ मध्ये वाडीतलं घर दुरुस्त करताना गेली. माळ्यावरच्या ट्रंकेत होती. मी तेव्हा पुण्यात, नोकरी, लेक लहान. दादाने फोनवर विचारलं, "तुझी ट्रंक काय करू?" मी म्हटलं, "टाकून दे रे, काय असणार त्यात." कोणाचा दोष नाही, माझाच.

त्या रात्री लेकीच्या घरून आईला फोन लावला. आई आता ८६ ची. विचारलं, "आई, ती आपल्याकडे यायची, मला बाहुली करून दिली होती, तिचं नाव काय गं?" आईला बाई लख्ख आठवली. कपाळावरचं गोंदण, हसताना तोंडावर हात घ्यायची सवय, आईच्या बाळंतपणात तिने आणून दिलेला रानातला पाला, सगळं. नाव नाही. "अगं, आपण तिला तिच्या नवऱ्याच्या नावानेच हाक मारायचो ना. अमक्याची बायको." मग थोडं थांबून म्हणाली, "रोज जेवून जायची गं आपल्याकडे."

त्या चौकाखाली तरी कुणाचं नाव होतं? सवाष्णींनी काढला. चौघी-पाच जणी असतात, एक रेघ हिची, एक तिची. तिथे नाव नव्हतं कारण नावाची गरज नव्हती, देवी नाव विचारत नाही. आमच्या घरी नाव नव्हतं त्याचं कारण मात्र वेगळं होतं. हे दोन्ही मी इतकी वर्षं एकात मिसळत होते. 'लोककला अनामिक असते' असं वाक्य मीही एका लेखात लिहिलेलं आहे, याच पानावर. शोधू नका.

परत आल्यावर दादाच्या मागे लागले. तो कुरकुरला, पण एका रविवारी पाड्यावर गेला. बाई जाऊन खूप वर्षं झाली. नातू भेटला, बोईसरला कारखान्यात पाळीवर जातो. त्याने दादाला चहा दिला आणि आजीची दोन नावं सांगितली. एक रेशनकार्डावरचं, कारकुनाने आपल्या मनाने लिहिलेलं. दुसरं घरातलं. दादाने दोन्ही चिठ्ठीवर लिहून आणली, खिशातल्या पेट्रोलच्या पावतीमागे. ती पावती आता माझ्या टेबलावर, नातीने दिलेल्या कागदी बाहुलीखाली आहे.

नाव इथे लिहीत नाही. नातवाला विचारलेलं नाही, आणि कोणतं लिहायचं हे त्याने सांगायचं. दिवाळीत डहाणूला जाणार आहे तेव्हा विचारीन. आजीच्या हाताची तशी बाहुली त्याच्या घरात अजून कोणी करतं का, तेही विचारायचं आहे. मामी, तुझ्याकडे वाडीतला विहिरीवरचा फोटो आहे ना, ज्यात मी फ्रॉकमध्ये आहे आणि मागे टोपली घेतलेली बाई अर्धीच आली आहे? तो जरा शोधून ठेव.